सहा बाय बाराचे घर

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या उत्तर सीमेलगत, सपाट मक्याच्या शेतांच्या मुलखात, एल्कार्ट नावाचे शहर आहे. एके काळी बँडची पितळी वाद्ये बनवणारे गाव म्हणून त्याची ख्याती होती. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात तेथे चाकांवरची घरे बांधण्याचा धंदा रुजला आणि वाद्ये हळूहळू मागे पडली. आज अमेरिकेत जी फिरती घरे, म्हणजे तेथील भाषेत आरव्ही, विकली जातात, त्यांतील बहुतांश या एका जिल्ह्यात आणि त्याच्या आसपास तयार होतात. पहाटे, उजाडायच्या आधीच, कारखान्यांचे दिवे लागतात. कामावर येणाऱ्यांमध्ये आमिश पंथाची माणसे मोठ्या संख्येने असतात. हे लोक मोटार बाळगत नाहीत. कोणी सायकलवर येतो, कोणी भाड्याच्या गाडीत दहाजणांबरोबर. दुसऱ्याच्या सहलीसाठी दिवसभर चाकांवरची घरे बांधायची आणि संध्याकाळी आपल्या घरी जाताना घोडागाडी जुंपायची, असा हा दिनक्रम आहे. सुतारकामातला त्यांचा हात पिढ्यांचा आहे, आणि हा धंदा त्याच हातावर उभा राहिला.

या धंद्याची दुसरी बाजूही एल्कार्टने पाहिली आहे. फिरते घर ही गरजेची वस्तू नव्हे. हात आखडता घ्यायची वेळ आली की गिऱ्हाईक सर्वांत आधी तीच खरेदी पुढे ढकलते. २००८ च्या मंदीनंतर हेच घडले. २००९ च्या मार्च महिन्यात येथील बेकारी वीस टक्क्यांच्या घरात गेली होती. राष्ट्राध्यक्ष ओबामा पदावर आल्यानंतर महिन्याभरातच या गावी आले, ते याच कारणाने. त्या वर्षांत ज्यांनी अशी घरे दहा, पंधरा किंवा वीस वर्षांच्या हप्त्यांवर घेतली होती त्यांच्याही लक्षात आले, की वाहनाची किंमत पहिल्याच वर्षी उतरते आणि कर्ज मात्र आपल्या गतीने उतरते. तारण धनकोच्या अंगावर पडणे म्हणजे काय, हे व्यापारी घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

याच जिल्ह्यात आणखी एक माल तयार होतो, आणि त्याच्याकडे कोणी कौतुकाने पाहत नाही: बंद मालवाहू ट्रेलर. पोलादी चौकट, त्यावर रिव्हेटने ठोकलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आत प्लायवूडची जमीन आणि भिंती, बाजूला एक दार, मागे खाली पडून रॅम्प होणारा दरवाजा. आत काहीही नाही. रंगारी, गवंडी, बागकाम करणारे, फिरता बाजार भरवणारे लोक तो घेतात. सहा फूट रुंद आणि बारा फूट लांब हा त्यातला सर्वसाधारण लहान आकार. त्याची किंमत सजवलेल्या आरव्हीच्या काही अंशाइतकी असते, आणि तो बहुधा रोखीने घेतला जातो. हाच रिकामा डबा आपल्या हाताने घर करून, त्यात झोपायचे आणि त्याच डब्यातून डोंगरी सायकली किंवा कच्च्या रस्त्यावरच्या मोटारसायकली न्यायच्या, असा एक काटकसरीचा छंद अमेरिकेत चांगला रुळला आहे. तो नवा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे मासिकांतून अश्रूच्या थेंबाच्या आकाराच्या छोट्या ट्रेलरचे आराखडे छापले जात, आणि लोक ते घराच्या अंगणात बांधत.

डबा घेताना पहिली गोष्ट पाहायची ती त्याच्यावर चिकटवलेली पट्टी. लहान डब्यांवर पुष्कळदा एकूण अनुज्ञेय वजन २,९९० पौंड असे लिहिलेले आढळते. हा विचित्र आकडा सहज आलेला नाही. तेथील बऱ्याच राज्यांत ३,००० पौंडांच्या वर गेलेल्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. दहा पौंड अलीकडे थांबले की कारखान्याचा ब्रेकचा खर्च वाचतो. खरेदीदाराने मात्र येथे काटकसर करू नये. विजेवर चालणारे ब्रेक मागून घ्यावेत, कारण पुढे डोंगर आहेत.

२,९९० पौंड म्हणजे सुमारे १,३५५ किलो. रिकाम्या डब्याचे वजन सहाशे किलोच्या आसपास असते. म्हणजे हाती साडेसातशे किलोंची शिल्लक उरते, आणि घर, सामान, पाणी व वाहने एवढे सगळे त्या शिलकेतून भागवायचे असते. खतावणी मांडल्यासारखा हा हिशेब मांडावा लागतो. भिंतींतला फोम, वरचे अस्तर आणि फरशी मिळून साठ किलो. पलंगाची चौकट आणि गादी पन्नास. कपाट व ओटा चाळीस. बॅटरी, सौर पट्ट्या, तारा पंचेचाळीस. छोटा फ्रीज पंधरा. ऐंशी लिटर पाणी म्हणजे बरोबर ऐंशी किलो. पाण्याच्या बाबतीत कोणालाही सूट नाही. गॅसचे भरलेले नळकांडे सतरा. कपडे, भांडी, शिधा, हत्यारे मिळून शंभर. दोन डोंगरी सायकली तीस. बेरीज ४३७ किलो होते आणि तीनशेच्या वर शिल्लक राहते. सायकलवाल्याचे घर असे निश्चिंत असते. सायकलींच्या जागी दोन मोटारसायकली घेतल्या की त्यांचे दोनशेतीस आणि इंधनाच्या डब्यांचे तीस किलो धरावे लागतात. मग एकूण भार ६६७ किलोंवर जातो आणि हाती केवळ ऐंशी किलो राहतात. दोन खुर्च्या, तंबूची कनात, मुलांचा एक पेटारा घेतला की खाते उणे. डबा त्या वेळी काहीच बोलत नाही. तो रस्त्यात बोलतो.

एकूण वजनाइतकेच महत्त्व ते कुठे ठेवले आहे याला असते. ट्रेलरच्या एकूण भारापैकी दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडदांड्यावर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर, यायला हवा. त्याहून कमी आला, मागचे पारडे जड झाले, तर वेगात डबा शेपटासारखा डावीकडे-उजवीकडे झुलू लागतो, आणि एकदा झुलू लागलेला डबा गाडीलाही आपल्याबरोबर नेतो. सायकली आणि मोटारसायकली मागच्या रॅम्पवरून चढत असल्याने त्या साहजिकच मागे येतात. म्हणून कपाट, बॅटरी, हत्यारांची पेटी पुढे ठेवतात. पाण्याची टाकीही पुढच्या टोकाला ठेवली की निघताना तोल उत्तम साधतो. पण परतीच्या प्रवासात टाकी रिकामी असते, पुढचे ऐंशी किलो गेलेले असतात आणि मागची वाहने जागच्या जागी असतात. माहीतगार लोक म्हणून टाकी अ‍ॅक्सलच्या जरा पुढे बसवतात, जेणेकरून भरली काय आणि रिकामी काय, तोल फारसा ढळू नये.

डब्याची आतली रुंदी सहा फूट भरत नाही. भिंतींत तीन-चार इंच जातात आणि उरतात साडेपाच फुटांच्या थोडे वर. उंच माणसाला आडवे झोपता येत नाही. पलंग लांबीच्या दिशेने घालावा तर अर्धा डबा संपतो. यावरचा उपाय म्हणजे तीच जागा दोनदा वापरणे. पलंगाला बिजागऱ्या लावून तो भिंतीला उभा करायचा. प्रवासात त्या जागी सायकली किंवा मोटारसायकली पट्ट्यांनी जमिनीतल्या पोलादी कड्यांना आवळून बांधायच्या. मुक्कामी पोहोचले की वाहने बाहेर काढून साखळीने कुलूपबंद करायची आणि पलंग खाली पाडायचा. मुंबईच्या चाळीत ज्यांनी दिवसा बैठक आणि रात्री शेजघर अशी एकच खोली वापरली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पट्टे बांधण्याची कडी मात्र प्लायवूडला नव्हे, खालच्या पोलादी आडव्यांना बोल्टने धरलेली हवीत. झटक्याने ब्रेक लागला तर सव्वाशे किलोंची मोटारसायकल लाकडाच्या स्क्रूचा मान राखत नाही.

नवख्यांना सर्वांत जास्त सतावते ते पाणी, आणि तेही टाकीतले नव्हे. थंडीच्या रात्री दोन माणसे बंद डब्यात झोपली की त्यांच्या श्वासातला ओलावा पत्र्यावर आणि पोलादी खांबांवर दवासारखा जमतो. भिंतींत फोम भरला तरी खांब उघडे राहिले की थंडी त्यांच्यातून आत येते आणि नेमके तेथेच पाणी सुटते. पहाटे पांघरुणाची कड ओली लागते, आठवड्याभरात प्लायवूडला बुरशीचा वास येतो. यावर इलाज जाड फोम हा नाही. इलाज हवा खेळती ठेवणे हा आहे. छतात चौदा इंच चौरस भोक पाडून पंखा बसवावा आणि त्याच्या विरुद्ध टोकाला खाली एक छोटी खिडकी ठेवावी. थंडीत दोन्ही बोटभर उघडी ठेवायची सवय लागायला वेळ लागतो, कारण गारठ्यात खिडकी उघडणे मनाला पटत नाही. डब्यात शेगडी पेटवून ऊब घेणे तर साफ टाळावे. गॅस जळताना आणखी वाफ सुटते, आणि हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. त्याची सूचना देणारे यंत्र डब्यात हवेच. ते विसरणाऱ्याची काटकसर ही काटकसर नव्हे.

विजेचा हिशेब त्या मानाने सोपा झाला आहे. पूर्वी शिशाची जड बॅटरी घ्यावी लागे, आणि तिच्यातली निम्मी वीजच वापरता येई. आता शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी बारा-तेरा किलोंची येते. तिच्यावर फ्रीज, पंखा आणि दिवे दोन दिवस सहज चालतात, आणि छतावर दोनशे वॉटची सौर पट्टी असली तर स्वच्छ उन्हाच्या प्रदेशात प्रश्नच उरत नाही.

आणि असे डबे जातात ते बहुधा अशाच प्रदेशात. एल्कार्टहून पश्चिमेला निघालेला मार्ग इलिनॉय, आयोवा, नेब्रास्का ओलांडत कोलोरॅडोत शिरतो. पहिले दोन दिवस जमीन इतकी सपाट की डबा मागे आहे हे विसरायला होते. डेन्व्हर सोडले की रॉकी पर्वतात चढण सुरू होते आणि आयझेनहॉवर बोगद्याशी रस्ता ११,००० फुटांच्या वर पोहोचतो. पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत सलग उतार आहे, काही ठिकाणी सात टक्क्यांचा. ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींसाठी रस्त्याच्या कडेला चढत्या खडीच्या वाटा बांधून ठेवल्या आहेत. एल्कार्टला घरी बसून केलेली बेरीज या उतारावर तपासली जाते. ज्याने आकडे खरे मांडले तो खालच्या गिअरमध्ये शांतपणे उतरतो. ज्याने ‘एवढ्याने काय होते’ म्हणून वस्तू चढवल्या त्याला अर्ध्या उतारावर तापलेल्या ब्रेकचा जळका वास येऊ लागतो.

ग्रँड जंक्शन मागे टाकून युटाह राज्यात शिरले की झाडे विरळ होतात आणि खडक तांबडा होतो. महामार्ग सोडून दक्षिणेला सुमारे तीस मैल गेले की कोलोरॅडो नदीच्या काठी मोआब लागते. एल्कार्टपासूनचे अंतर सुमारे २,३०० किलोमीटर भरते. २०२० च्या जनगणनेत या गावाची वस्ती साडेपाच हजारांनाही पोहोचली नव्हती, पण वसंत आणि शरद ऋतूंत रस्त्यावर जागा मिळत नाही. गावाच्या उत्तरेला पाच मैलांवर आर्चेस राष्ट्रीय उद्यान आहे, पश्चिमेला कॅनियनलँड्स. गावात शिरताना नदीकाठी युरेनियम गिरणीच्या अवशिष्ट मातीचा ढीग दिसत असे. नदीत विष उतरू नये म्हणून २००९ पासून ती माती रेल्वेने दूर नेऊन पुरण्याचे काम हाती घेतले गेले. तिचे वजन कोट्यवधी टनांत मोजले जाते.

हा ढीग मोआबच्या पहिल्या भरभराटीचा अवशेष आहे. १९५२ मध्ये चार्ली स्टीन नावाच्या, पैशाने पार पिचलेल्या भूगर्भशास्त्रज्ञाला गावाच्या आग्नेयेला युरेनियमचा समृद्ध थर सापडला. १९५० मध्ये तेराशेच्या आत असलेली वस्ती दहा वर्षांत साडेचार हजारांवर गेली. एवढी घरे होतीच कुठे? आलेली माणसे तंबूंत आणि ट्रेलरमध्ये राहिली. पुढे युरेनियमची मागणी ओसरली, गाव रिकामे होऊ लागले, आणि त्याला पुन्हा हात दिला तो ज्याचा कोणाला उपयोग सुचला नव्हता त्या उघड्या खडकाने.

गावाच्या पूर्वेला वाळूच्या खडकाचे उंचसखल पठार आहे. घोड्यांच्या लोखंडी नालांना त्यावर पकड मिळेना म्हणून पूर्वीच्या लोकांनी त्याला ‘निसरडा खडक’ असे नाव दिले. रबरी टायरला मात्र तो कुरुंदाच्या कागदासारखा धरतो. १९६९ मध्ये तेथे मोटारसायकलींसाठी सुमारे दहा मैलांची वाट आखली गेली. खडकावर रंगाचे पांढरे तुटक पट्टे हीच तिची खूण. १९८० च्या दशकात डोंगरी सायकली आल्या आणि या वाटेचे नाव जगभर झाले. दोन्ही वाहने आजही एकाच वाटेवर चालतात. मागच्या बाजूला ला साल पर्वताची बर्फाची शिखरे, पायाखाली गोठलेल्या लाटांसारखा तांबूस खडक, आणि चढ असा की चालवणाऱ्याला स्वतःचा श्वास सोडून दुसरे काही ऐकू येत नाही. सकाळी लवकर निघून ऊन चढण्याआधी परतणारे शहाणे. उन्हाळ्यात दुपारी पारा अडतीस अंशांवर जातो.

डब्याची खरी परीक्षा येथे होते. कच्च्या रस्त्यावर चालत्या ट्रेलरच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि ती रॅम्पच्या फटींतून लाल धूळ आत ओढते. रात्री गादी झटकली तर मूठभर वाळू निघते. दाराच्या कडेला रबरी पट्टी लावणे हा अर्धा उपाय; छतावरची झडप समोरच्या बाजूने थोडी उघडी ठेवून डब्यात हवेचा दाब वाढवणे हा उरलेला अर्धा.

मोआबच्या भोवतालची बहुतेक जमीन संघराज्य सरकारची आहे. पूर्वी कोणीही कुठेही चूल मांडत असे. गर्दी वाढली तशी झाडे सरपणाला गेली, खडकांच्या आडोशाला घाण साचली, आणि मग नियम आले. आता ठरवून दिलेल्या जागीच मुक्काम करायचा, जेथे संडास नाही तेथे स्वतःचा फिरता संडास बाळगायचा आणि मैला बरोबर घेऊन जायचा. लाकूड तोडता येत नाही. यात जाचक काही नाही. उलट डब्यातून आलेल्या माणसाने आपले ओझे आपणच परत न्यावे, ही साधी रीत आहे.

या नियमांमागे आणखी एक कारण आहे, ते डोळ्यांना पटकन दिसत नाही. वाळूवर ठिकठिकाणी काळपट, खडबडीत पापुद्रा असतो. ती मेलेली माती वाटते, पण ती जिवंत असते. सूक्ष्म जिवाणू, दगडफूल आणि शेवाळ यांच्या तंतूंनी वाळूचे कण एकमेकांना बांधून ठेवलेले असतात. वारा आणि पाऊस यांपासून जमिनीला वाचवणारे आणि रोपांना नत्र पुरवणारे हेच आवरण. त्यावर एक पाऊल पडले, एक चाक फिरले, तर ते मोडते, आणि भरून यायला वर्षे, पुष्कळदा दशके लागतात. म्हणून जाणते लोक डबा उभा करण्यासाठी आधीची चाकोरी किंवा उघडा खडक शोधतात आणि वाट चुकली तर कोरड्या ओढ्याच्या वाळूतून चालतात. पावलापुढची जमीन पाहून पाय टाकणारा माणूस तेथे कोणाला विक्षिप्त वाटत नाही.

संध्याकाळी मुक्कामाच्या जागी अनेक डबे उभे असतात. त्यांतले काही चार दिवसांसाठी आलेले असतात; आत दोन सायकली, एक पोळपाटाएवढा ओटा, बाहेर खुर्च्या. पण काही डब्यांच्या दाराशी कामाचा गणवेश वाळत असतो. मोआबमध्ये पर्यटनाने घरांच्या किमती इतक्या चढवल्या, की उपाहारगृहांत वाढणारे, सायकली दुरुस्त करणारे, नदीवर नावा चालवणारे यांना तेथे भाड्याची खोली परवडत नाही. यांतल्या कित्येकांनी असाच एखादा डबा, जुनी व्हॅन नाहीतर तंबू हेच घर केले आहे. युरेनियमच्या काळात माणसे ट्रेलरमध्ये राहिली ती खाणीत काम होते आणि घर नव्हते म्हणून. आज काम पाहुण्यांचे आहे, घर आजही नाही.

गावाच्या हद्दीत वाहनात रात्र काढायला बंदी आहे. बाहेरच्या सरकारी जमिनीवर अठ्ठावीस दिवसांच्या अवधीत एका जागी चौदा दिवसांहून अधिक राहता येत नाही. पाहुण्याला हा नियम कधी कळतच नाही. चौथ्या दिवशी तो टाकीतले उरलेले पाणी सोडून देतो, सायकली बांधतो आणि वजन हलके करून पूर्वेकडे निघतो. जो तेथेच राहतो त्याला मात्र दिवस मोजावे लागतात. चौदावा दिवस आला, की कामावरून सुटल्यावर तो डब्याखालचे ठोकळे काढतो, पलंग भिंतीला लावतो, बाहेरची सायकल आत घेऊन पट्टे आवळतो, आणि अंधार पडायच्या आत दुसरी जागा मिळेल का ते पाहायला निघतो.